मोरपिशी शर्टांची टोळी

कादंबरीनं दार उघडलं तर भामामावशी, आणि त्यांच्या हातातल्या मोबाइलवर तिचंच सोमवारचं काम.

"ताई, तुमी न्यूजवाल्यांच्यात हाय ना? मंग जरा सांगा ना त्यांना. एवढा फोटो काढून टाका म्हनावं."

काळंभोर आभाळ, चार तरणे पोरगे काळ्या शर्टांत ओळीनं उभे, चौघांची तोंडं धूसर, पायाशी कोयत्यांची रांग, रांगेभोवती लाल वर्तुळ, एक बाण, आणि वर पिवळ्या अक्षरांत 'कोयता गँगची दहशत!' कादंबरीच्या मनात पहिला विचार आला तो बाण जरासा तिरका पडल्याचा. दुसरा विचार, मावशी हे घेऊन का आल्या हा, यायला थोडा वेळ लागला. "आत या ना मावशी," ती म्हणाली. घरमालकिणीला तिच्याच घरात 'आत या' म्हणायचं आणि घरमालकिणीनं सोफ्याच्या अगदी कडेला, पाहुणीसारखं अंग चोरून बसायचं, ही खांदा कॉलनीतली नेहमीची गंमत. जमिनी गेल्या, बदल्यात भूखंड मिळाले, भूखंडांवर इमारती उठल्या. मालक जासईला, आपल्या गावी राहिले आणि फ्लॅटमध्ये पुण्या-मुंबईची नोकरदार माणसं आली. मालक भाडेकरूंना बिचकतात, कारण ती शिकलेली. भाडेकरू मालकांना बिचकतात, कारण ते इथले. दोघंही एकमेकांना शेठ, ताई, मावशी म्हणतात आणि कोण कुणाशी किती गोड वागलं याची जमाबाजू मनातल्या मनात मांडून ठेवतात. भामामावशींची जमाबाजू भरभक्कम होती. घरची पापलेटं, सुके बोंबील, कादंबरीच्या मुलीला, आभाला ताप आला तेव्हा स्वतः गाडी घेऊन आलेले मावशींचे यजमान बळीरामशेठ. कादंबरीच्या बाजूला दिवाळीचा एक चकलीचा डबा होता. आणि आता हे.

"कोणाचा आहे फोटो?" तिनं विचारलं. विचारताना तिला कळलं, आपण खोटं बोलायला सुरुवात केली.

"कोनाचा म्हंजे? आमच्या मितेशचा! ह्यो बगा डाव्या हातानं दुसरा. बाकीची भावकीतली पोरं." मावशींनी बोट लावलं आणि मितेश पडदाभर मोठा झाला.

"पण चेहरा तर दिसतच नाहीये."

"तोंड कशाला पायजे? एकाच ताग्यातनं शिवल्यात सगळ्यांची शर्टं. दसऱ्याला शेठनीच कापड आनलावतं. ही बगा बारीक पानं. आख्ख्या गावानं वळखलं. तुमी पन व्हतात की तवा."

मावशी पुढं काही बोलतात का, याची कादंबरीनं वाट पाहिली. पण मावशी फक्त आठवण करून देत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर संशयाची एक रेघ नव्हती. होता तो नुसता भरवसा, आणि तो जास्त अवघड होता. मितेश ज्याच्या गेटवर कामाला होता त्या कंटेनर यार्डानं त्याला मंगळवारीच सांगितलं होतं, चौकशी होईपर्यंत गेटवर येऊ नकोस. हे एक. दुसरं म्हणजे करंजाच्या भगवानशेठची मनस्वी त्याला ठरली होती, साखरपुडा पंधरवड्यावर आला होता, आणि आज चार वाजता भगवानशेठ घरी येणार होते, बोलणी मोडायला. "म्हनला, पोरीला बोटीत ढकलीन पन टोळीत नाय देनार. आता त्याला काय दाखवू मी? तोंडानं सांगून पटतंय का? त्यो खरा फोटो कोनाकडं तरी आसंल ना ताई? ज्यानं काढला त्याच्याकडं. त्यात पूजा दिसत आसंल. तुमच्या हापिसात इचारा ना, कुठनं आनला ते."

"चहा टाकते," असं म्हणून कादंबरी स्वयंपाकघरात गेली. चहाचं पाणी तिनं चांगलं भांडंभर ठेवलं, उकळायला वेळ लागावा म्हणून.

सोमवारी चॅनेलच्या इंद्रजीत सरांचा फोन आला होता. हायवेवरच्या कुठल्याशा ढाब्यावर राडा झाला होता, कुणी कोयता काढला होता म्हणे, फोटो एकही नव्हता. "कादंबरी, दहा मिनिटांत थंबनेल. आणि एकटा माणूस नको हं. एकटा म्हणजे आरोपी. मला गँग पाहिजे. गँग म्हणजे कमीत कमी चार डोकी." चॅनेलच्या व्हिडिओंवर दिसणारी ही चित्रं, थंबनेल, घरी बसून बनवता बनवता ती या विद्येत पारंगत झाली होती. पाठमोरा माणूस असला की तो आरोपी, समोर बघत असला की गुंड. ओळीत उभे असले की टोळी, रांगेत बसले असले की मजूर. कपडे एकसारखे असले तर सोन्याहून पिवळं. तिच्या संगणकावर हातकड्या होत्या, बंदुका होत्या, तोंडावर पदर घेतलेल्या बायका होत्या, सगळं वापरून वापरून शिळं झालेलं. तिनं शोधच्या चौकटीत 'कोयता' लिहिलं. फोनमधले घरचे फोटो आपोआप त्याच संगणकात येऊन पडत, हे तिला ठाऊक होतं, पण तेव्हा डोक्यात नव्हतं. पडद्यावर दसऱ्याच्या दिवशीचा जासईचा ओटा आला. यंत्राला कुंकू दिसत नाही, त्याला धार तेवढी दिसते.

पण तिला तर दिसत होतं ना. इथे येऊन ती दर वेळी अडकत होती, गेले तीन दिवस, भांडी लावताना, आभाची वेणी घालताना. तो फोटो तिनं स्वतः काढलेला. दसऱ्याला भावकीतली सगळी घरं आपापली हत्यारं थोरल्या घरच्या ओट्यावर पूजेला आणतात, म्हणून एका ठिकाणी इतके कोयते. शिवाय पहारी, फावडी, मिठागरातलं जुनं लाकडी दाताळं, भामामावशींची मासे कापायची विळी, मितेशच्या गाडीचा जॅक. सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुलं. मागे पोरं मोरपिशी शर्टांत, पुढे डाव्या कोपऱ्यात अक्षता टाकणारा सासूबाईंचा, वसुंधराबाईंचा हात, आणि आभा. बळीरामशेठ आभाला सांगत होते, "ह्याला पाय नको लावू बाय, ह्यानं आमच्या बापाचं पोट भरलंय." मितेश कशाला तरी हसत होता, एक पाय दुमडून, केसांत तांदळाचे दाणे. आणि सोमवारी तिनं शांतपणे आधी आपली माणसं कापली. मग विळी कापली, कारण विळी आली की धाक जातो. झेंडू कापता येईनात, म्हणून त्यांचा रंग काढला. झेंडूचा रंग काढला की ते दगडांसारखे दिसतात. मोरपिशी रंग काळ्यावर नेला. मग तोंडं. ओळखीची पोरं आहेत, त्रास नको, म्हणून तिनं चांगुलपणानं तोंडं धूसर केली. आणि धूसर केल्याबरोबर ते गुन्हेगार झाले. ज्याचं तोंड झाकलं, त्यानं काही तरी केलंच असणार, हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. धूसर करताना सगळ्यात आधी हसू जातं, मग डोळे, आणि कान मात्र शेवटपर्यंत राहतात. सरांनी अंगठा पाठवला. तिनं कुकर लावला.

दहा मिनिटं होती म्हणून, हे कारण तिनं स्वतःला बऱ्याचदा दिलं. पण दहा मिनिटांत माणूस तेच करतो जे त्याच्यात आधीपासून तयार असतं. घर बघायला आली तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, "तिकडची माणसं फटकन तलवारी काढतात म्हणे, जपून." कादंबरी हसली होती, आईला मागासलेली म्हणाली होती, आणि पहिल्यांदा मितेश भाडेकरार घेऊन आला, गळ्यात जाड साखळी, गाडीत मोठ्यानं गाणी, तेव्हा तिनं दाराची साखळी न काढता फटीतूनच कागद घेतले होते. मितेशच्या ते लक्षात आलं होतं. तो दोन पावलं मागे सरकला होता, तिला भीती वाटू नये म्हणून. हे मागे सरकणं तिला आत्ता आठवलं, चहा उतू जात असताना. त्यालाही तिनं तेव्हा चोराचं सरकणं मानलं होतं. म्हणजे सोमवारी रंग ओढणारा हात नवा नव्हता. पोरगा त्या दिवशीच काळा झाला होता, तिनं फक्त तो लोकांना दाखवला.

गॅस बंद करून तिनं सरांना फोन लावला, आवाज दाबून. "काढायचा? वेडी आहेस का? महिन्यातला सगळ्यात वर गेलेला आयटम आहे. आणि चेहरे धूसर आहेत ना? मग कोणाचे आहेत ते कसं कळणार?" "कळलंय सर. आई आलीये त्याची." आता तरी सरांना वाईट वाटेल असं तिला वाटलं. "आई? बोलेल कॅमेऱ्यावर? 'कोयता गँगच्या आईचा आक्रोश.' बघ ना विचारून." तिनं फोन ठेवला. तसाही काढून उपयोग नव्हता. तिचं चित्र आता तिचं राहिलं नव्हतं. कुणी मागं ज्वाळा लावल्या होत्या, कुणी कवटी, कुणी 'जासई बॉइज' असं नाव देऊन ढोलाचं संगीत टाकलं होतं. तिनं पेरलं होतं एवढंच, खत सगळ्या तालुक्यानं घातलं. कुमारला, नवऱ्याला, तिनं लिहिलं: 'मावशी आल्यात. खरा फोटो देऊ का?' कुमारचं उत्तर लगेच आलं: 'काही बोलू नकोस. घर त्यांचं आहे. आभाची शाळा इथेच आहे.' प्रत्येक वाक्य खरं होतं. कुमारची वाक्यं नेहमी खरी असतात आणि ती वाचल्यावर माणूस आहे तिथेच बसून राहतो.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा मावशी डोळे पुसून सरळ बसल्या होत्या. "मावशी," ती म्हणाली, "फोटो मिळालाय मला. मी येते तुमच्याबरोबर." मावशींनी तिचे दोन्ही हात धरले. ते हात सोडवून घ्यावेत की धरू द्यावेत, हे तिला कळेना.

रिक्षा हायवेला लागली आणि ट्रेलरांच्या रांगेत अडकली. एकावर एक रचलेले डबे, धूळ, हॉर्न. रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून टायरपाशी घोळक्यानं उभे होते. कादंबरीची नजर आपोआप त्यांच्याभोवती चौकट टाकत होती: हा चौघांचा गट चालेल, त्या म्हाताऱ्याला कापावं लागेल, त्याच्या हातातला पाना जरा उजेडात घेतला तर हत्यार दिसेल. तिनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांआडही चौकट होतीच. शेजारी मावशी बोलत होत्या, पोरगं लहानपणी अंधाराला कसं भ्यायचं, मनस्वीला बघायला गेला तेव्हा चहाची बशी हातातनं कशी सांडली. "तुमी देवासारख्या भेटलात ताई." आत्ता सांगावं, कादंबरीनं ठरवलं. त्या पुलाच्या आधी. पूल गेला. मग तिनं त्या पेट्रोल पंपाच्या आधी असं ठरवलं. पंपही गेला. सांगायचं वाक्य अगदी छोटं होतं, आणि तोंडापर्यंत येऊन दर वेळी ते शुद्ध, लांबलचक, छापील व्हायचं. 'तांत्रिक चुकीमुळे' असं त्यात एकदा आलं तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली.

जासईच्या घरात पंखा पूर्ण वेगानं फिरत होता तरी कुणाचा घाम वाळत नव्हता. भगवानशेठ खुर्चीत सरळ बसले होते, उन्हानं रापलेला, रुंद हाडाचा माणूस. समोर बळीरामशेठ मान खाली घालून. चहाला कुणी हात लावला नव्हता. मितेश आतल्या दाराशी उभा होता. नवा काळा शर्ट. पाय फाकवलेले, हात छातीशी बांधलेले, हनुवटी खाली. कादंबरीला काही तरी खटकलं. हा पवित्रा तिच्या रोजच्या कामातून ओळखीचा होता, पण मितेशचा नव्हता.

"आमी समुद्रावरली मानसं शेठ," भगवानशेठ म्हणत होते, "आमाला कोयत्याचं भ्या नाय. घरोघरी हाय कोयता. टीव्हीचं भ्या हाय. उद्या पोरगी बाजारात उभी राहील तर लोक म्हनतील, ती बग टोळीवाल्याची."

"ताईंनी फोटो आनलाय," मावशी म्हणाल्या. "खरा फोटो. न्यूजमदी हायत त्या."

कादंबरीनं मोबाइल पुढे केला. मग तिनं तो टेबलावर ठेवला. भगवानशेठ वाकले, चष्मा वर करून पाहत राहिले. मग त्यांच्या गळ्यातून एक आवाज आला. तो हसण्याचा आहे हे कळायला सगळ्यांना वेळ लागला. "आरं, ही तर इळी! मासं कापायची इळी घेऊन टोळी निघाली व्हय? आन् ह्यो जॅक! टायर बदलून दहशत करनार व्हतात काय जावई?" बळीरामशेठही हसले, घाबरत घाबरत. खोलीत हवा आली. 'जावई' हा शब्द मावशींनी कानांनी पकडून ठेवला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. झालं, कादंबरीला वाटलं. इथेच उठावं.

"ही पोरगी कोन?" भगवानशेठनी विचारलं.

"माझी. आभा."

"आस्सं. मंग फोटो कोनी काढला?"

"मी."

भगवानशेठनी चष्मा खाली घेतला. बाजारात ताजं आणि शिळं एका नजरेत वेगळं करणारा माणूस. "तुमी काढला, तुमच्याकडंच हाय. मंग त्यो काळा होऊन बाहेर गेला कसा?"

पंखा फिरत होता. कुमारचं वाक्य तिच्या डोक्यात दिवा लागावा तसं लागलं: घर त्यांचं आहे. "मीच केला," कादंबरी म्हणाली. "काळा मीच केला. तोंडंही मीच पुसली. तेच काम आहे माझं." वाक्य शेवटी छोटंच निघालं.

भामामावशी तिच्याकडे पाहत राहिल्या. ओरडतील, असं तिला वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्या दिवशी पयल्या पंगतीला जेवलात तुमी," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोरीला मी भरवलं."

"भामा, ऱ्हाऊ दे," बळीरामशेठ म्हणाले, पण कादंबरीकडे न बघता.

भगवानशेठ व्यवहारी माणूस. कुणाचं पाप किती हे मोजायला ते आले नव्हते. "चला, बोलल्या तरी बाई. माझ्यापुरता इषय संपला. जावई, आता एक करा. तुमच्या मोबाइलवर तुमी त्यो काळा लावलाय ना, त्यो काढा आन् ह्यो लावा. आत्ता, माझ्यासमोर. आमच्या करंजात पोरंठोरं समदी तुमचा डीपी बगतात."

"काय लावलाय?" मावशींनी विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं. कादंबरीलाही नव्हतं. मितेश हलला नाही, तेव्हा मावशींनीच त्याच्या हातातला मोबाइल ओढला. त्यावर कादंबरीनं केलेलंच चित्र होतं, ज्वाळा लावलेलं, पण त्यात आता बाकीचे तिघे कापलेले होते. एकटा मितेश उरला होता. तिनंही इतकं सफाईनं कापलं नसतं.

"मितेश, ह्ये तू...?"

"आई, तुला नाय कळायचं." त्याचा आवाज चढला नव्हता. "सकाळीच यार्डातनं फोन आलाय. परत या म्हनं. सायेब स्वतः बोलला. मितेशभाई, गेटवर तुमीच ऱ्हावा, ड्रायवर लोक गडबड नाय करनार. तीन वर्सं त्यो मला 'ए' म्हनून बोलवायचा. तीन वर्सं. नाव पन म्हाईत नव्हतं त्याला." मग तो कादंबरीकडे वळला. ती आपोआप मागे सरकली. पण तो रागावला नव्हता. "ताई, मला वाटलंवतं कोनीतरी मुंबईचा आर्टिस्ट आसंल," तो म्हणाला. "भारी बनवलाव."

"लाव म्हंतो ना ह्यो," भगवानशेठ म्हणाले. आता आवाजात हसू नव्हतं. "माझी पोरगी ह्या हसऱ्या पोराला दिली व्हती मी."

मितेशनं टेबलावरचा मोबाइल उचलला. मोरपिशी शर्ट, कपाळाला कुंकू, केसांत तांदूळ, एक पाय दुमडलेला. तो बराच वेळ पाहत राहिला. वर्गातल्या जुन्या फोटोत एखाद्या विसरलेल्या पोराकडे पाहावं, तसा. मावशी ओठ हलवत होत्या, बहुतेक देवाचं नाव घेत होत्या. बळीरामशेठनी मान वर केली होती. कादंबरीला वाटलं, तो मनात मांडणी करतोय. एका बाजूला मनस्वी, आई, हा हसरा पोरगा, दुसऱ्या बाजूला ते 'भाई'. आणि आपल्याला त्या मांडणीत कुठेही जागा नाही.

"पन ह्याला कोन घाबरल?" मितेशनं विचारलं.

त्यानं उपहासानं विचारलं नव्हतं. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं, आणि तो ते शोधत एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. भगवानशेठ उठले. त्यांनी चहाचा कप सरळ केला, जरी तो सरळच होता, आणि चपला घालून पायऱ्या उतरू लागले. "आवो शेठ, थांबा, पोर हाय त्यो, आवो!" म्हणत भामामावशी तशाच अनवाणी त्यांच्या मागे धावल्या, त्यांच्यामागे बळीरामशेठ. गेटपाशी आवाज वाढले, मग ट्रेलरच्या घरघरीत बुडाले.

खोलीत पंखा राहिला, मितेश राहिला आणि कादंबरी. त्यानं तिचा मोबाइल परत टेबलावर ठेवला, अगदी अलगद, कडेला नीट समांतर. मग एक खुर्ची ओढून तिच्यापुढे आणली. "उभ्या का ताई? बसा ना," तो नेहमीसारख्या आदबीनं म्हणाला, आणि या वेळी मागे सरकला नाही. आपण कुणाच्या सांगण्यावरनं बसणारी बाई नाही, असं कादंबरी स्वतःला सांगत होती. आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की ती बसली आहे.